मधली ६६ षटकं

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'कसोटी क्रिकेटमधील भेदक जलद मारा : घटक आणि घडण'. हे नाव मी दिलेलं नाही. नुसतं 'फास्ट बोलिंग' लिहिलं असतं तर अध्यक्ष आले नसते, असं आयोजकांना वाटलं असावं. अध्यक्ष आलेत, तेव्हा नाव कामी आलं. मला चाळीस मिनिटं दिली आहेत आणि नंतर चहा आहे, म्हणजे खरी पस्तीस.

आता नागपुरात उभं राहून फास्ट बोलिंगवर बोलायचं आणि २००४ टाळायचं, हे शक्य नाही. मी नुसतं साल उच्चारलं तर पहिल्या रांगेतल्या दोन-तीन चेहऱ्यांवर ते गवत पुन्हा उगवलं. तर ते आधी कापून घेऊ.

ऑक्टोबर २००४. जामठ्याचं स्टेडियम तेव्हा नव्हतं, सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कसोटी मालिकेत आपण १-० ने मागे. चेन्नईला शेवटच्या दिवशी २१० धावा हव्या होत्या, दहाही गडी शिल्लक होते आणि दिवसभर पाऊस. मग मंडळी नागपुरात आली आणि खेळपट्टीवर हिरवं गवत, म्हणजे फास्ट बोलरांची चंगळ. गांगुली दुखापतीमुळे बाहेर, हरभजन आजारी, द्रविड कप्तान. आपण ३४२ धावांनी हरलो आणि ऑस्ट्रेलियानं भारतात ३५ वर्षांनी मालिका जिंकली. त्या दिवसापासून आजपर्यंत या शहरात लग्नात, तेराव्याला, धरमपेठेतल्या चहाच्या टपरीवर मी एकच वाक्य ऐकत आलोय : "गवतानं हरवलं." गवत कुणी ठेवलं, कुणाच्या सांगण्यावरून ठेवलं, कोण कुणावर रुसलं होतं, याची प्रत्येकाकडे आतली बातमी आहे. त्या आठवड्यात मैदानावर हजर असल्याचं सांगणारे लोक मोजले तर ते जुनं स्टेडियम चार वेळा भरेल.

राजेहो, माझा साधा प्रश्न आहे. ते गवत दोन्ही संघांसाठी होतं ना? त्याच गवतावर ऑस्ट्रेलियानं पहिल्या डावात ३९८ केल्या. मार्टिनचं शतक, क्लार्कच्या ९१. दुसऱ्या डावात कॅटिच ९९ वर गेला, मार्टिन ९७ वर. आपण १८५ आणि २००. गवत काय पाहुण्यांना बघून मान खाली घालत होतं?

आपल्याकडे बोलिंगला कोण होतं, आठवा. झहीर, आगरकर, कुंबळे, मुरली कार्तिक. श्रीरामपूरचा एक, मुंबईचा एक, दोघेही आपले. दोघांबद्दल माझी तक्रार नाही. पण हिरव्या खेळपट्टीवर झहीर आणि आगरकर थकले की पुढे कोण? कुंबळे. कुंबळेला नमस्कार, पण गवतावर तुमचा तिसरा जलद बोलर लेगस्पिनर असेल, तर दोष क्युरेटरला देऊ नका. पलीकडे मॅकग्रा, गिलेस्पी आणि मायकेल कॅस्प्रोविच. गिलेस्पीनं सामन्यात नऊ बळी घेतले, मॅकग्राची ती शंभरावी कसोटी. हे दोघे सगळ्यांना आठवतात. कॅस्प्रोविच आठवणारे हात वर करा. सहा. त्यातले दोन सभ्यतेनं वर झालेत.

आता मला इतकी वर्षं छळणारी गोष्ट सांगतो. मॅकग्रा, गिलेस्पी, कॅस्प्रोविच आणि चौथा वॉर्न. हेच चार बोलर, अगदी हेच, मार्च २००१ मध्ये ईडन गार्डन्सवर होते. लक्ष्मण २८१, द्रविड १८०. चौथ्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकही विकेट नाही. फॉलोऑन देऊन ऑस्ट्रेलिया हरली. साडेतीन वर्षांनी तीच चार नावं भारतात येऊन मालिका जिंकतात. मग जोरदार मारा म्हणजे जोरदार नावं, हे आपलं गणित कुठं जातं?

बदललं काय होतं? २००१ मध्ये त्यांचा कप्तान स्टीव्ह वॉ स्लिपमध्ये गर्दी करून विकेटच मागत होता. चौकार गेला तर गेला. २००४ मध्ये पाँटिंगचा अंगठा मोडलेला, म्हणून कप्तान गिलख्रिस्ट. त्यांनी अहंकार गिळला. पहिल्या तासातच सीमारेषेवर माणसं उभी, टप्पा स्टंपांवर, चौकार बंद. सेहवागला एक-एक धाव घे म्हणाले. सेहवागला एक-एक धाव घ्यायला लावणं म्हणजे काय शिक्षा, ते त्यालाच विचारा. मॅकग्रा पहिल्या डावात षटकाला जेमतेम एक धाव देत होता. त्याच्या टोकाला कोंडलेला फलंदाज गिलेस्पीच्या टोकाला जाऊन चूक करायचा. आणि दोघं विश्रांतीला गेले की कॅस्प्रोविच यायचा आणि काहीही घडू द्यायचा नाही. काहीही न घडू देणं हे त्याचं काम होतं. पंगतीत आचाऱ्याचं कौतुक होतं, वाढप्याचं नाव कुणी विचारत नाही. पण वाढपी मध्येच बसला की सगळी पंगत हात चोळत बसते.

माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळा पाल्हाळ. मारा तिसऱ्या बोलरवर ठरतो. हिशेब मांडून बघा. नव्या चेंडूची जोडी पहिल्या स्पेलमध्ये सात-सात षटकं टाकते. चौदा झाली. दुसरा नवा चेंडू ८० षटकांनंतर. मधली ६६ षटकं कुणाची? सलामीचे बोलर त्यात परत येतात, कबूल, पण ताजे होऊन यायचे असतील तर तोवर कुणीतरी दार धरून ठेवलं पाहिजे. आपण टीव्ही लावतो पहिल्या चौदा षटकांसाठी आणि सामना जातो त्या ६६ मध्ये.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी क्लबचा तिसरा बोलर होतो. आमचे कप्तान, आता नाव कशाला, सलामीच्या दोघांना मॅटिंगवर दमेपर्यंत पळवायचे, मग माझ्याकडे बघायचे, मग आकाशाकडे बघायचे आणि मग स्वतःच ऑफस्पिन टाकायला यायचे. माझी निवड ढगांच्या सल्ल्यानं होत असे. त्यांच्या ऑफस्पिनबद्दल मी बोलणार नाही, त्यांचे चिरंजीव इथे बसले आहेत.

बरं, ही सवय क्लबापुरती नव्हती. या देशानं पहिली कसोटी खेळली १९३२ मध्ये, लॉर्ड्सवर. महंमद निस्सार आणि अमरसिंग यांनी पहिल्याच सकाळी इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ केली. आपली सुरुवात फास्ट बोलिंगनं झाली, हे आपणच विसरलो. १९६७ मध्ये एजबॅस्टनला चारही मोठे स्पिनर एकत्र खेळवले आणि नवा चेंडू दिला बुधी कुंदरनला. कुंदरन म्हणजे विकेटकीपर! कप्तान पतौडींनी विचारलं, काय टाकतोस. तो म्हणाला, टाकल्यावर कळेल, असं सांगतात. पुढे आपल्या सुनील गावसकरांनी कसोटीत नव्या चेंडूनं बोलिंग केली. उभ्या कारकिर्दीत त्यांना एकच विकेट मिळाली, पाकिस्तानचा फलंदाज झहीर अब्बासची. झहीर अब्बासना त्याचं काय वाटलं असेल, यावर वेगळं व्याख्यान होईल. नवा चेंडू हा बेदी-प्रसन्नासारखे स्पिनर येईपर्यंत लवकर जुना करायची वस्तू होती. त्याआधी रमाकांत देसाई, मूर्ती एवढीशी. १९५९ मध्ये दिल्लीत पदार्पणाच्या सामन्यात वेस्ट इंडीजविरुद्ध एका डावात ४९ षटकं टाकली, १६९ धावांत ४ बळी. एकोणीस वर्षांचा पोरगा, आणि ४९ षटकं! दुसऱ्या कुठल्या खात्यात हे घडलं असतं तर युनियन उभी राहिली असती.

मग कपिल आला आणि आपण म्हटलं, प्रश्न सुटला. १९८३ चं अहमदाबाद बघा. एका डावात ८३ धावांत ९ बळी, तेही लॉइडच्या वेस्ट इंडीजचे. सामना? १३८ धावांनी हरलो. फलंदाजीनं माती खाल्ली, हे खरंच. पण एकानं नऊ घेऊनही वेस्ट इंडीजच्या हातात पुरेशा धावा होत्या, ते कसं?

...चिठ्ठी आली. दहा मिनिटं. अध्यक्षमहोदय, मी अजून विषयाला हात घातलेला नाही. हसताय काय, खरंच सांगतोय. जाहीर केलेले घटक आता पळत पळत घेतो.

पहिला घटक, तोच तिसरा बोलर. वेस्ट इंडीज घ्या. १९७६ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला आपण चौथ्या डावात ४०६ करून जिंकलो, लॉइडच्या तीन स्पिनरांसमोर. तिथून त्यानं धडा घेतला, हे सर्वांना पाठ आहे. पण आपण त्यातून उचललं ते 'चार फास्ट बोलर' हे मोजमाप. संख्येनं मारा होत नाही. २०१८ मध्ये पर्थला आपणही चार फास्ट बोलर घेऊन उतरलो, स्पिनर बाहेर, आणि सामन्यात आठ बळी घेऊन गेला नेथन लायन. लॉइडकडची खरी चैन होती जोएल गार्नर. सहा फूट आठ इंच. बराच काळ नवा चेंडू दुसऱ्यांचा आणि हा बदली म्हणून यायचा. ५८ कसोटींत २५९ बळी, सरासरी २१ च्याही आत, आणि एकदाही सामन्यात दहा बळी नाहीत! रॉबर्ट्स-होल्डिंगपासून सुटलेला फलंदाज श्वास घ्यायला बघायचा, तर समोर हा. गंमत म्हणजे गिलेस्पीचेही बळी २५९ च. आणि त्याच्या नावावर शेवटच्या कसोटीत नाबाद २०१ आहेत, नाइटवॉचमन म्हणून, म्हणजे संध्याकाळी खऱ्या फलंदाजाला वाचवायला पाठवलेला बोलर. तो विषय नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दुसरा घटक, टप्पा. ऑस्ट्रेलियातल्या कुकाबुरा चेंडूची शिवण वीसेक षटकांत बसते, इंग्लंडचा ड्यूक हातानं शिवलेला, तो जास्त वेळ बोलतो, आपल्या एसजीची तऱ्हा तिसरी. चेंडू बदलला की टप्पा बदलायला हवा. ईशांत शर्मा अनेक वर्षं सुंदर चेंडू टाकायचा, फलंदाज चुकायचा, आपण 'अरेरे' म्हणायचो आणि विकेट मात्र पडायची नाही. २०१८ मध्ये तो ससेक्सकडून खेळला, तिथे प्रशिक्षक गिलेस्पी. पुढे टाक हे सगळेच सांगत होते, कसं टाकायचं ते गिलेस्पीनं सांगितलं, असं ईशांतनंच सांगितलंय. त्याच वर्षी बुमरा, शमी आणि ईशांत या तिघांनी मिळून वेस्ट इंडीजच्या मार्शल-होल्डिंग-गार्नरचा १९८४ चा वर्षातल्या १३० बळींचा विक्रम मागे टाकला. त्या तिघांत तिसरा कोण, हे तुम्ही सांगू शकत नाही. मारा तयार झाला, तो तेव्हा.

तिसरा घटक, दुखापत. २०११, लॉर्ड्स, पहिलाच दिवस, झहीरच्या मांडीचा स्नायू गेला. मग विकेटकीपर धोनी पॅड काढून बोलिंग करत होता आणि द्रविड विकेटमागे. मालिका ४-०. २०२४-२५ मध्ये ऑस्ट्रेलियात बुमरानं १३.०६ च्या सरासरीनं ३२ बळी घेतले, असं कुणी करत नाही. आपण ३-१ हरलो आणि सिडनीच्या शेवटच्या डावात तो पाठीमुळे चेंडू हातात घेऊ शकला नाही. पुढे २०२५ मध्ये इंग्लंडला तो तीनच कसोट्या खेळला आणि आपण जिंकलो त्या नेमक्या उरलेल्या दोन. कोण बोललं ते, "म्हणजे बुमरा नकोच"? अहो, असं घरी बोला. एजबॅस्टनला आकाशदीपचे दहा बळी, ओव्हलला सिराज आणि प्रसिद्ध कृष्णा, सहा धावांनी विजय. सिराजनं त्या मालिकेत पाचही सामने खेळून १८५ वर षटकं टाकली. बुमरा असता तर ते सामने सोपे झाले असते. पण तो नसतानाही वीस बळी मिळाले, आणि मी तेच मोजतोय.

चौथा, उंची आणि कोन. डावखुरा, तिरकस हाताचा, उंच, बुटका, निदान तीन वेगळे प्रश्न फलंदाजापुढे हवेत. पाचवा, स्लिप. त्याच २०२५ च्या मालिकेत लीड्सला बुमराच्या बोलिंगवर झेल सुटले, तिथं मारा काय करणार? सहावा, स्वतःच्या फलंदाजांनी केलेल्या धावा. यावर माझ्याकडे दोन पानं आहेत, ती राहू द्या.

शेवटचं, आणि हे इथंच बोललं पाहिजे. उमेश यादव. खापरखेड्याकडचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्या वडिलांचा मुलगा. ५७ कसोटी, १७० बळी. मायदेशात, स्पिनरांच्या या देशात, बळींचं शतक. पण परदेशात गेलं की याला कधी तिसरा, कधी चौथा करायचे आणि म्हणायचे, धावा देतो. देणारच! तो कॅस्प्रोविच नव्हता, त्याचा स्वभाव पुढे टाकून स्टंप उडवायचा. धावा रोखणारा तिसरा वेगळा आणि विकेट काढणारा तिसरा वेगळा. ज्याला घेतलं त्याच्याकडून दुसऱ्याचं काम मागायचं आणि मग बसवायचं, हे आपण उमेशबरोबर वर्षानुवर्षं केलं. २०२१ मध्ये, मेलबर्नच्या दुखापतीनंतर आठ महिन्यांनी त्याला ओव्हलला खेळवलं. दोन्ही डावांत तीन-तीन बळी, अँडरसनची शेवटची विकेट त्याचीच, आणि भारत १५७ धावांनी जिंकला. त्या सामन्याचे बोलर म्हणून कुणाची नावं घेता? बुमराचा तो स्पेल, बरोबर. आणि शार्दूल ठाकूर, त्याची तर बॅटिंग आठवते तुम्हाला.

झालं. प्रश्न असतील तर चहावर विचारा.