पाठवायचा की झाकायचा?

नमस्कार मंडळी. डिसेंबर आलाय, आणि ज्या घरात बारावीतलं मूल आहे त्या घरात सध्या कोणी कोणाशी धड बोलत नाहीये. अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करायची एक जानेवारीची मुदत डोक्यावर आहे ना! म्हणून आज तेच बोलू. सॅटचा, म्हणजे कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेचा, स्कोअर मनासारखा आला नाही, आणि कॉलेज म्हणतंय पाठवा किंवा नका पाठवू, तुमची मर्जी. मग करायचं काय?

या मर्जीलाच टेस्ट-ऑप्शनल म्हणतात, हे आपल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. मेन राज्यातल्या बोडिन कॉलेजने हे १९६९ मध्येच सुरू केलं होतं, कोविडमध्ये बहुतेकांनी उचललं. आता काहींनी परीक्षा परत सक्तीची केली आहे: एमआयटीने २०२२ मध्ये तसं जाहीर केलं, डार्टमथ आणि हार्वर्डने २०२४ मध्ये. उलट बर्कली, यूसीएलए ही कॅलिफोर्निया विद्यापीठाची मंडळी प्रवेशासाठी स्कोअर बघतच नाहीत, १६०० पैकी १६०० असले तरी. तेव्हा आधी यंदाचा नियम बघा. थोरल्या ताईच्या वेळचा नव्हे, यंदाचा.

मग आकडा. प्रवेश घेतलेल्यांपैकी मधल्या निम्म्या मुलांचा स्कोअर कुठून कुठपर्यंत होता, ते कॉलेजं छापतात. त्यातल्या खालच्या आकड्याच्याही खाली असाल तर झाकायचा विचार करा, आत असाल तर बहुधा पाठवा. फक्त एक लक्षात घ्या, चांगला स्कोअर असलेलेच पाठवतात, म्हणून तो छापील आकडा फुगलेला असतो. डार्टमथच्या प्राध्यापकांना तर असं दिसलं की बेताच्या परिस्थितीतल्या कितीतरी मुलांनी १४००च्या आसपासचे स्कोअर दडवले, जे दाखवले असते तर त्यांचाच फायदा होता.

आता ती गोष्ट. मी ती दर वर्षी सांगते आणि आमचे यजमान त्या वेळी हमखास चहा करायला उठतात.

इथेच न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या एका घरातला मुलगा. स्कोअर १३४०. आवडत्या कॉलेजचा खालचा आकडा १४५०. घरात बैठक झाली आणि ठरलं, झाकायचा. बाबा इंजिनीअर, त्यांनी फॉर्ममध्ये ‘नाही’वर टिचकी पडली आहे ना, हे तीनदा तपासलं. दिवाळीच्या कार्यक्रमात कोणी विचारलं तर आई सांगायची, "अजून आला नाही." सॅटचा निकाल दोन-तीन आठवड्यांत येतो हो! पण माझं म्हणणं असं, दुसऱ्याच्या मुलाचा स्कोअर विचारणं म्हणजे पगार विचारणं, आणि आपल्या मंडळात दोन्ही विचारतात, तेही बटाटेवडा तोंडात असताना.

असो. मुलाने अर्जासाठी साडेसहाशे शब्दांचा निबंध लिहिला. तो कोणी वाचला नाही, कारण निबंध म्हणजे त्याची खासगी बाब. अर्ज पाठवायच्या आदल्या संध्याकाळी सांगलीहून आजीचा व्हिडिओ कॉल. आजी निवृत्त शिक्षिका. "काय लिहिलंयस रे? वाच की." हा एकेक वाक्य आपल्या मराठीत करून वाचायला लागला. निबंधाचा विषय: अपयशातून उभा राहिलो. पहिल्यांदा सॅटमध्ये ११६० पडले, रोज पहाटे पाचला उठलो, आणि १३४०वर नेले. दोन्ही आकडे, ठसठशीत.

आजी लसूण सोलत ऐकत होती. म्हणाली, "छान लिहिलंयस. पण तो आकडा सांगायचा नव्हता ना?"

"फॉर्ममध्ये नाही सांगितला, आजी."

"मग हे वाचणारा माणूस निराळा आहे होय?"

कोणी बोलेना. मग आजीच म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणायचं, आणि मुठीत काय आहे ते पत्राने कळवायचं!"

रात्रीतून निबंध बदलला. मंडळाच्या नाटकांना तो माइक सांभाळायचा, त्यावर लिहिलं. (आपले माइक दुसऱ्या अंकात का जातात, यावर कोणीतरी प्रबंध लिहायला हवा.) आता आईला संशय यायला लागला, शाळा कॉलेजांना पाठवते ती गुणपत्रिका तिने मागवली. तिच्या कोपऱ्यात सॅटचा स्कोअर, शाळेने आपणहून छापलेला! शाळेच्या काउन्सेलरना ईमेल गेली, त्यांनी तो काढून दिला.

आणि मिळाला का प्रवेश? त्या कॉलेजात नाही. मिळाला दुसऱ्या एका चांगल्या कॉलेजात, आणि तिथे त्याने हाच १३४० पाठवला होता, कारण तिथल्या आकड्यांत तो वरच्या टोकाला बसत होता.

म्हणून पुन्हा सांगते, निर्णय दर कॉलेजचा वेगळा. एकदाच सगळ्यांसाठी नको, दर कॉलेजचा वेगळा. आणि झाकायचा ठरला तर निबंध, गुणपत्रिका, शाळेचं पत्र, सगळीकडे झाकायचा. बक्षिसांच्या यादीतही बघा. काही शिष्यवृत्त्यांना स्कोअर लागतोच, तेही आधी वाचा. आणि जॉर्जटाउन विद्यापीठाचा विचार असेल तर तिथे निवड नाही, दिलेल्या सगळ्या परीक्षांचे स्कोअर मागतात.

पुढच्या वेळी शिफारसपत्रांबद्दल बोलू. ज्यांनी ती अजून मागितलीच नाहीत, त्यांनी आत्ता रेडिओ बंद करून शिक्षकांना ईमेल करा. नमस्कार.