सॅन अँटोनिओला रात्री सुटणारे दोन डबे

रात्रीचे दहा वाजत आलेत. शिकागोहून निघालेली टेक्सास ईगल अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात सॅन अँटोनिओच्या फलाटावर थांबते. गाडीचा प्रवास इथे संपला, शेवटच्या दोन डब्यांचा नाही. एक शयनयान आणि एक बसायचा डबा. न्यू ऑर्लिन्सहून मध्यरात्री येणाऱ्या सनसेट लिमिटेडच्या शेपटाला ते लागतील आणि पावणेतीनला लॉस एंजेलिसची वाट धरतील. आतला प्रवासी अंथरुणातच. सनसेट आठवड्यातून तीनच दिवस धावते, म्हणून ही जोडणीही तीनच रात्री.

डबे शेवटी लागतात ते शिकागोलाच ठरवून. मधे असते तर मागचे डबे आधी दुसऱ्या रुळावर नेऊन टाकावे लागले असते.

दोन डब्यांच्या मधे शिरण्याआधी कामगार रेडिओवरून चालकाला सांगतो. चालक ब्रेक लावतो, रिव्हर्सर (इंजिनाची दिशा ठरवणारा दांडा) मध्यावर आणतो, जनरेटर फील्डचा स्विच पाडतो म्हणजे चाकांना ताकद मिळत नाही, आणि झालं म्हणून कळवतो. तो आवाज कानावर आल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही.

पहिल्यांदा वीज. इंजिनातून डब्यांना ४८० व्होल्टची थ्री-फेज वीज येते. दोन डब्यांच्या मधे चार जाड केबल्स. वीज चालू असताना प्लग उपसला तर तिथेच आर्क, म्हणजे विजेची ज्वाळा, पेटते. म्हणून आधी पुरवठा बंद. एसी थांबतो, बॅटरीवरचे मोजके दिवे उरतात, व्हॅक्यूमची शौचालयंही चालत नाहीत. प्रवाशांना हे आधी सांगितलं तर निम्म्या तक्रारी कमी होतात.

मग हवा, आणि खरा धोका इथे आहे. ब्रेक पाइपात हवेचा ११० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब असतो. दाब उतरला की ब्रेक लागतात, चढला की सुटतात. डबे तोडताना इंजिनाकडच्या बाजूचा अँगल कॉक (पाइपाच्या टोकाची झडप) बंद करायचा, उभ्या राहणाऱ्या डब्यांचा उघडाच ठेवायचा. तोही बंद केला तर हवा आत कोंडते, दाबाची लाट पाइपात मागेपुढे होते आणि लागलेले ब्रेक आपोआप सुटू शकतात. हवा तर हळूहळू गळतेच, म्हणून हँडब्रेक आवळलेला हवाच.

जोडताना इंजिन थोडं अलीकडे थांबतं. दोन्हींपैकी एका कपलरचा (डबे जोडणाऱ्या आकड्याचा) नकल, म्हणजे फिरणारा पंजा, उघडा आहे ना, ते पाहून माणसाच्या चालीने पुढे येतं. दोन्ही बंद असतील तर नुसतीच धडक बसते. टाइटलॉक कपलरमध्ये ढिलाई जवळजवळ नसते, त्यामुळे आत हिसका कमी बसतो. जोडल्यावर जरा उलट ओढून बघतात. कपलर धरून राहिला तरच होज (हवेच्या नळ्या) आणि केबल्स लावायच्या.

त्यानंतर ब्रेकची चाचणी: दाब उतरवला की अगदी शेवटच्या डब्याचे ब्रेक लागले पाहिजेत, चढवला की सुटले पाहिजेत. मधे एखादा कॉक बंद राहिला असेल तर तो इथेच पकडला जातो. आणि चारांपैकी एक प्लग नीट बसला नाही तर सगळे प्लग लागलेत का ते सांगणारी तपासणीची तार पुरी होत नाही आणि सगळी गाडी अंधारात राहते. मग हातात टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा तपासायचा.

याच देशात १९४६ साली चेसापीक अँड ओहायो रेल्वेचे प्रमुख रॉबर्ट यंग यांनी जाहिरात दिली होती: डुक्कर गाडी न बदलता देश ओलांडतं, तुम्हाला मात्र ते जमत नाही. त्याच वर्षी शिकागोमार्गे किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत थेट शयनयानं सुरू झाली.

वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनला काम याहून सोपं आहे. शिकागोहून येणाऱ्या एम्पायर बिल्डर गाडीचे मागचे डबे पोर्टलंडला, पुढचे सिएटलला. पुढचा भाग निघाला की मागच्या भागाला स्वतःचं वेगळं इंजिन लागतं. डायनिंग कार सिएटलला जाते, लाउंज पोर्टलंडला. म्हणून पोर्टलंडच्या शयनयानात सकाळी थंड न्याहारी.

सॅन अँटोनिओला परतीच्या वाटेवर लॉस एंजेलिसहून सनसेट पहाटे पाचच्या आत येते, ईगल सकाळी सातला सुटते. हाताशी दोन तास. सनसेट त्याहून जास्त उशिरा आली तर ईगल अडकते, किंवा शिकागोला थेट जाणाऱ्या डब्यांतल्या माणसांना सोडून निघते. तिकडे पश्चिमेला जाताना सनसेटच रखडली, तर दोन डबे तोवर फलाटावर उभे. जमिनीवरची वीज जोडलेली असेल तरच आतला एसी चालतो.