सातनंतर मूल कुणाकडे?

मुंबईत मूल सांभाळण्याच्या खर्चाचा विषय निघाला की आपण पाळणाघराची महिन्याची फी विचारतो आणि तेथेच थांबतो. अनामत, जेवणाचे वेगळे पैसे, उशिरा नेल्यास तासाप्रमाणे होणारी आकारणी, हे सारे त्यात मिळवले तरी ज्या भरवशासाठी आईबाप पैसे मोजतात, तो पदरात पडेलच असे नाही.

डोंबिवलीत राहून लोअर परळला नोकरी करणाऱ्या आईचा दिवस पाहा. कार्यालय सहाला सुटते, पाळणाघर साडेसातला बंद होते. करी रोडला चालत जाऊन धीमी गाडी, दादरला उतरून जलद गाडी, असे सगळे जुळले तरच ती वेळेत पोचते. जुलैत रुळांवर पाणी साचले की काहीच जुळत नाही. शेवटी उरलेले एकटे मूल पायांत चपला घालून, पाठीला दप्तर अडकवून दाराशी बसते. त्याच्याजवळ थांबलेल्या मावशींच्याही घरी मुले वाट पाहत असतात, म्हणून त्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. मुलाला ताप असला की पाळणाघर घेत नाही, आणि इतर मुलांचा विचार करता घेऊही नये. पण त्या दिवशी रजा कोणाची पडते, हे सांगायला नकोच. फीदेखील घरोघर आईच्याच पगारातून वजा केली जाते आणि मग ‘उरते काय, नोकरी सोडलेलीच बरी’ असा हिशोब मांडला जातो. मूल दोघांचे असताना वजाबाकी एकीच्याच पगारातून का व्हावी?

कायद्याने काहीच केले नाही असे नाही. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली झालेल्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा मिळाली. 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभाही आली. परंतु सकाळच्या गर्दीत सात महिन्यांचे बाळ कडेवर घेऊन लोकलमध्ये कोण चढेल? या शहरात काम एका टोकाला आणि घर दुसऱ्या टोकाला असते, त्यामुळे पाळणाघर घराजवळच हवे. शिवाय छोट्या दुकानांत राबणाऱ्या आणि घरकाम करणाऱ्या बायका पन्नासाच्या त्या अटीत बसतच नाहीत. आपले मूल सांभाळणारी बाई स्वतःचे मूल शेजारणीच्या भरवशावर टाकून येते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

1975 पासून चालत आलेल्या अंगणवाडीचा आधार मोठा असला, तरी ती काही तासच चालते. पूर्ण दिवस कामावर असलेल्या आईला ती पुरत नाही. केंद्राच्या ‘पालना’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे, आणि तिचा विस्तार मुंबईच्या वस्त्यांत व्हायला हवा. पटसंख्या घटल्याने महापालिकेच्या ज्या शाळांत वर्गखोल्या रिकाम्या आहेत, तेथे रात्री नऊपर्यंत चालणारी पाळणाघरे सुरू करावीत. तेथील मावशींना मानधनावर न राबवता प्रशिक्षण आणि रीतसर पगार द्यावा, आणि प्रवेश देताना घरकामगार बायकांच्या मुलांचा विचार आधी व्हावा. येत्या निवडणुकीत मत मागायला दारी येणाऱ्या उमेदवाराला आपण रस्त्याचे आणि पाण्याचे विचारतोच; त्याच्याकडून प्रभागातल्या पाळणाघराची जागा आणि वेळही ठामपणे मागून घ्या.