बारा पॉइंट म्हणजे नेमके किती?

मित्रहो, मोबाईलच्या पडद्यावर पॉइंटचे, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या छापखान्यातल्या मापाचे, पिक्सेल, म्हणजे पडद्यावरचे ठिपके, कसे करावेत याचे सूत्र सांगण्याचे मी आज कबूल केले आहे. ते सांगेनच, पण ज्या प्रसंगामुळे हा विषय माझ्या मनात घर करून बसला, तो आधी ऐकावा अशी विनंती आहे.

एका दिवाळी अंकाची मोबाईल आवृत्ती आम्ही तयार करत होतो. छापील अंकाप्रमाणेच ‘मजकूर १२ पॉइंट’ असे संपादकांनी लिहून दिले आणि आमच्या प्रोग्रामरने अँड्रॉइडमध्ये तोच आकडा इमानाने भरला. पहिला नमुना पाहायला, उभे आयुष्य छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात घालवलेले एक वृद्ध जुळारी आले होते. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, मग खिशातली पट्टी काढून पडद्यावर ठेवली आणि म्हणाले, “हा बारा नव्हे. हा फार तर साडेपाच.” सर्वांना वाटले, काकांची नजर आता साथ देत नसावी.

त्या रात्री मी हिशेब मांडला. संगणकावरचा पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग; म्हणून १२ पॉइंट म्हणजे सुमारे ४.२ मिलिमीटर. प्रोग्रामरने तो आकडा ज्यात भरला ते अक्षराच्या आकाराचे अँड्रॉइडचे एसपी हे एकक मात्र इंचाचा १६०वा भाग धरून आखलेले आहे. १२ एसपी जेमतेम १.९ मिलिमीटर, म्हणजे छापखान्याच्या मापाने ५.४ पॉइंट भरतात. काकांची नजर शाबूत होती. आयफोनवर तर घोटाळा अधिक होतो, कारण तिथे एककाचे नावच पॉइंट आहे. १९८४ च्या मॅकिंटॉशचा पडदा इंचाला ७२ पिक्सेलांचा होता, तेव्हा पॉइंट आणि पिक्सेल एकच होते; २००७ च्या आयफोनवर पॉइंटला एक पिक्सेल हे नाते राहिले, पण पडदा इंचाला १६३ पिक्सेलांचा झाला, आणि २०१० मध्ये तो ३२६ पिक्सेलांचा झाल्यावर एका पॉइंटचे दोन पिक्सेल झाले.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, तेव्हा सूत्र थोडक्यात सांगतो. पॉइंटना इंचातल्या पिक्सेलांनी गुणावे आणि ७२ने भागावे. इंचाला ४८० पिक्सेलांच्या पडद्यावर १२ पॉइंटचे ८० पिक्सेल होतात. वेबपानात १२ पॉइंटचे नेहमी १६ पिक्सेल होतात, कारण तिथे इंच ९६ पिक्सेलांचा मानलेला आहे. मात्र हा पिक्सेल २८ इंचांवरून डोळ्याशी होणाऱ्या कोनावर बेतलेला असल्यामुळे, जवळ धरलेल्या फोनवर तो प्रत्यक्षात लहान असतो, आणि ते योग्यच आहे, कारण जवळून तो तेवढाच दिसतो.

माझे खरे म्हणणे पुढे आहे. इंग्रजीसाठी ठरलेला आकडा मराठीला तसाच लावू नये. तेवढ्याच उंचीत देवनागरीला शिरोरेषेवर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरे सामावून घ्यावी लागतात, त्यामुळे बहुतेक फॉन्टांत मूळ अक्षर आखूड होते. शिवाय आकार पिक्सेलांत न देता एसपीत द्यावा, म्हणजे वाचकाने फोनमध्ये अक्षर मोठे करून घेतले असेल तर त्याचा मान राहतो.

त्या अंकात शेवटी अक्षर १८ एसपी आणि ओळींमधले अंतर २९ एसपी ठेवले. ‘कुऱ्हाड’, ‘द्वंद्व’ आणि ‘मूर्च्छा’ हे शब्द काकांनी फोन जवळ-दूर न करता, न अडखळता वाचले, तेव्हाच आम्ही ते आकडे कायम केले.