सहा मिनिटांची मेहनत

पहाटेचे साडेचार. कोल्हापुरातल्या तालमीत दिवा लागलाय. लंगोट कसलेली पोरं आखाड्याच्या हौद्यात उतरून फावड्यानं माती उकरतायत. तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर मुरलेली लाल माती. पाहुण्याला ही साफसफाई वाटते. खरं तर खांदे, कंबर आणि पकड, तिन्ही इथंच तापतात.

मग जोर, बैठका, सपाटे. शेवटी दोर चढणं. या पोराचे तळहात पाहा: बोटांच्या मुळाशी घट्टे, त्यांत रुतलेली माती. ही पकड दोरानं दिलीय.

ही मेहनत जुन्या कुस्तीच्या मापानं बेतलेली. १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं, तेव्हा मातीवरची कुस्ती म्हणजे चितपट. घड्याळ नव्हतंच. ज्याचा दम टिकला, त्याची कुस्ती. म्हणून हजार जोर, हजार बैठका.

आजच्या मॅटवरच्या कुस्तीत मात्र ३ मिनिटांच्या २ फेऱ्या, मध्ये ३० सेकंद. झटापट, पवित्रा, लगेच पुन्हा झटापट. गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीतलेच. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला सहावे आले, १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन परतले. माती कमी पडत नाही; मेहनतीची मांडणी बदलावी लागते.

स्पर्धा लांब असेल तेव्हा ताकद कमवायची. वजनं, जोर, दोर, भरपूर. तारीख जवळ आली की जोर निम्म्यावर आणायचे आणि लढती वाढवायच्या: ३ मिनिटं पूर्ण जोमानं, ३० सेकंद दम, मग समोर ताजा जोडीदार. शेवटच्या आठवड्यात मेहनत उतरवायची. अंग विसाव्यातच सावरतं. थकलेल्या पैलवानाला आणखी पाचशे बैठका सांगणं ही शिस्त नव्हे.

आणि सोळा वर्षांच्या पोराला थोरल्या पैलवानाची मेहनत देऊ नका. त्याची हाडं अजून वाढतायत. गुडघा दुखला तरी तो बोलणार नाही, लाजेल. वस्तादांनीच विचारायला हवं.

शिट्टी वाजते. पोरगा गुडघ्यांवर हात टेकून वाकलाय, छाती भात्यासारखी हलतेय.

"ताठ उभा ऱ्हा, बाळा. नाकानं श्वास घे."

वीस सेकंद. पंचवीस. समोर ताजा जोडीदार मॅटवर आलाय.