रविवारच्या आधीचे सहा दिवस

गोव्यात शेजारी मला ‘फादर’ म्हणतात. मग घरातून सौभाग्यवती बाहेर आल्या, की शेजाऱ्यांची पंचाईत होते. आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात पाळक, म्हणजे धर्मगुरू, संसारी असतो. आमची मंडळी, म्हणजे एकत्र उपासना करणारा समाज, लहान आणि मराठी. नगर, जालना, सोलापूर या भागांतून रेल्वेत, बंदरात, नौदलात, हॉटेलांत नोकरीसाठी आलेली कुटुंबे. स्वतःची इमारत नाही. दुसऱ्या एका भाषेच्या मंडळीची उपासना आटोपली, की त्याच सभागृहात आमची सुरू होते.

तुम्ही मला विषय दिलात, पाळक रविवारची तयारी कशी करतो. तयारी म्हणजे उपदेश लिहिणे, असे बहुतेकांना वाटते. त्याकडे येतोच. पण कोणत्या रविवारी शास्त्रातले, म्हणजे बायबलातले, काय वाचायचे, हे मी ठरवत नाही, ते आधीच ठरलेले असते. जगभरच्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या १९९२ साली प्रसिद्ध झालेली एक पाठसूची वापरतात. आम्हीही तीच धरतो. येशूचे चरित्र सांगणाऱ्या शुभवर्तमानांचे तीन वर्षांचे चक्र आहे: एक वर्ष मत्तय, मग मार्क, मग लूक. चौथे शुभवर्तमान योहानाचे, ते अधूनमधून, विशेषतः पुनरुत्थानाच्या सणाच्या, म्हणजे ईस्टरच्या, आसपास. बहुतेक रविवारी जुन्या करारातला एक उतारा, एक स्तोत्र, नव्या करारातल्या पत्रांतला एक भाग आणि शेवटी शुभवर्तमान.

कीर्तनकार निरूपणाचा अभंग आपल्या पसंतीने घेतो. मला ती मुभा नाही आणि नाही तेच बरे. मला मोकळे सोडले, तर मी वर्षभर उधळ्या पुत्रावर आणि उत्तम मेंढपाळावर बोलत राहीन. लोकांनाही ते आवडेल. पाठसूची मात्र मला लूकच्या सोळाव्या अध्यायातल्या त्या लबाड कारभाऱ्यापुढे नेऊन उभे करते. तो मालकाच्या ऋणकोंच्या कागदांवरचे आकडे परस्पर कमी करतो, आणि वर मालक त्याची वाहवा करतो. आता यावर काय बोलायचे ते बोला!

ही सूची गोवा डोळ्यांसमोर ठेवून केलेली नाही, तरी गाठी मजेशीर पडतात. राखेच्या बुधवारी आमचा उपवासकाळ सुरू होतो. त्याआधीच्या रविवारी येशूच्या रूपांतराचा पाठ असतो. डोंगरावर त्याचे मुख सूर्यासारखे प्रकाशले, तो प्रसंग. नेमक्या त्याच रविवारी मडगावात कार्निव्हालची मिरवणूक. आदल्या दिवशी पणजीत झालेली असते, दुसऱ्या दिवशी वास्कोत व्हायची असते. पोरांचे लक्ष घड्याळाकडे. या दिवशी कार्निव्हालवर तोंडसुख घेणारे उपदेश मी ऐकले आहेत. मी ते करत नाही. मिरवणुकीच्या बंदोबस्ताला जाणारा आणि रस्त्याकडेला खाण्याचा गाडा लावणारा, दोघेही माझ्याच समोर बसलेले असतात. डिसेंबरात तर पर्यटनाचा हंगाम. हॉटेलातल्या लोकांना रविवारची सुटी मिळत नाही आणि आगमनकाळात, ऐन नाताळाच्या तोंडावर, बाक रिकामे राहतात.

आता एक आठवडा जरा सविस्तर सांगतो. २०२३ साली २४ सप्टेंबरला मत्तयाच्या विसाव्या अध्यायातली द्राक्षमळ्याची गोष्ट आली. मळ्याचा मालक पहाटे मजूर ठरवून नेतो. मग दिवसभरात पुन्हा पुन्हा चौकात जातो, शेवटी संध्याकाळी पाचच्या सुमारासही जातो आणि उरलेल्यांना नेतो. दिवस संपल्यावर सगळ्यांना सारखीच मजुरी. पहाटेपासून राबलेले कुरकुरतात. सोमवारी मी पाठ मोठ्याने वाचतो, दोनतीनदा. टीकाग्रंथ, म्हणजे शास्त्रावरची भाष्ये, लगेच उघडत नाही. देवाची कृपा हिशेब पाहत नाही, एवढे मलाही ठाऊक होते. त्यासाठी आठवडा कशाला हवा?

त्या मंगळवारी गणेशाची चवथ होती. मंडळीतले एक गृहस्थ सेंट्रिंगची कामे घेतात. चवथीमुळे त्यांचे काम बंद, म्हणून घरी सापडले. मी त्यांना पाठ वाचून दाखवला आणि विचारले, “संध्याकाळी पाचपर्यंत नाक्यावर कोण उभा राहतो?” ते लगेच म्हणाले, “पाळकसाहेब, धडधाकट माणसं आठलाच उचलली जातात. राहतो तो म्हातारा, नाहीतर पूर्वी पडून हात मोडलेला, नाहीतर कडेवर पोर असलेली बाई. रिकाम्या हातानं घरी कसं जायचं म्हणून उभी असतात.” गोष्टीतले मजूर मालकाला सांगतात, आम्हाला कोणी कामाला लावले नाही. हे वाक्य मी किती वेळा वाचले असेल! ते आळशी नव्हते, नाकारलेले होते. पुढे ते गृहस्थ म्हणाले, “पण या मालकाचा धंदा बुडणार. उद्यापासून सगळे पाचलाच येतील.”

हा आक्षेप मी उपदेशात तसाच ठेवला. त्याचे गुळगुळीत उत्तर दिले नाही, कारण गोष्टही देत नाही. मालक फक्त विचारतो, मी उदार आहे म्हणून तुझ्या पोटात दुखते काय? इथवर आल्यावर मग टीकाग्रंथ उघडायचे. ते माझी तपासणी करतात: मी पाठाच्या तोंडी भलतेच काही घातले नाही ना?

लिहिणे शुक्रवारी, आणि शनिवारी कापणे. आमचा उपदेश वीस मिनिटांचा, म्हणजे बोलीत दोन हजारांच्या आसपास शब्द. नव्या कराराच्या मूळ ग्रीक शब्दांची कारागिरी आधी जाते. मला प्रिय असते, लोकांना नसते. लांबण लावायची भीती वाटली, की नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला युतुख आठवतो. प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला हा तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाने त्याला उठवले. माझ्याच्याने ते होणार नाही.

गीते ‘उपासना-संगीत’ या आमच्या गीतसंग्रहातून निवडायची. इथे मी हट्टी आहे. पाठाला नेमके जुळते पण मंडळीला येत नाही, असे गीत मी घेत नाही. नारायण वामन टिळकांची भजने पेटी-तबल्यावर सुरू झाली, की मागच्या बाकावरचा माणूसही तोंड उघडतो. तबलजी रेल्वेत आहे, त्याची पाळी कोणती ते गुरुवारीच विचारून ठेवावे लागते. बिनतबल्याच्या रविवारी संथ चालीची गीते.

प्रार्थनेची यादी हे नाजूक काम. कोणी बांबोळीच्या इस्पितळात दाखल असतो. त्याचे नाव सगळ्यांसमोर घ्यायचे की नाही, आजार सांगायचा की नाही, हे आधी त्याला विचारतो. विचारले नाही, तर प्रार्थनेतूनच गावभर चर्चा होते. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, रविवारी आम्ही काळ्या मनुकांचा रस ठेवतो. गोव्यात वाइनला तोटा नाही. पण मोठ्या कष्टाने बाटली सोडलेले भाऊ आमच्यात आहेत, त्यांच्या ओठाला प्याला लावताना मला घाबरायचे नाही.

या भूमीत रविवारी मराठी ऐकू येणे नवे नाही. इंग्रज मिशनरी फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, आणि त्यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातच रायतूरला छापले गेले. इथल्या चर्चमध्ये रविवारी व सणावारी ते वाचले जाई. पुराण ऐकायला सवकलेल्या कानांना त्यांनी पुराणच दिले. माझे शब्द त्या तोलाचे नाहीत, पण ऐकणारा आधी पाहायचा, ही त्यांची रीत मी उचलतो.

हल्ली तरुण पाळक विचारतात, मोबाइलवर तयार उपदेश मिळतात, एवढी खटपट कशाला? मीही ते वाचतो, काही फार चांगले असतात. द्राक्षमळ्यावरचे तर ढीगभर आहेत. पण त्या रविवारी आमचे सेंट्रिंगवाले दुसऱ्या बाकावर बसले होते, आणि त्यांच्या मागे त्यांच्याच कामावर पूर्वी पडून हात मोडलेला एक जण. त्या दोघांना एकत्र बसवून काय बोलायचे, ते मला कुठल्या मोबाइलवर मिळणार होते?