जपलेली डुकाटी विकताना

मित्रहो, संग्रही ठेवण्याजोगी मोटरसायकल विकायला काढणारा मालक बहुधा पहिल्याच दमात सांगतो, की गाडी फारशी चालवलेलीच नाही. तो हे गाडीच्या कौतुकाने सांगत असतो. समोरचा जाणकार मात्र तेवढ्यानेच सावध होतो. आजच्या व्याख्यानात मला या दोघांमधल्या अंतराविषयी बोलायचे आहे. जपणूक ही विकणाऱ्याला सिद्ध करून दाखवावी लागते, आणि किलोमीटरच्या काट्यावरचा लहान आकडा हा त्यातला सर्वांत कच्चा पुरावा असतो. बोलणे मोघम होऊ नये म्हणून मी एकच गाडी समोर ठेवतो. ती म्हणजे डुकाटी या इटालियन कंपनीची ९१६.

मास्सिमो तांबुरिनी यांनी सान मारिनोतल्या आपल्या कार्यशाळेत घडवलेली ही गाडी १९९३ च्या अखेरीस मिलानच्या प्रदर्शनात आली आणि १९९४ पासून ग्राहकांच्या हाती पडू लागली. मागचे चाक एकाच बाजूने धरणारा स्विंगआर्म, सीटखालून निघणारे दोन सायलेन्सर, नळ्यांची उघडी दिसणारी चौकट आणि १९९४ व १९९५ अशी लागोपाठ दोन वर्षे शर्यतपटू कार्ल फोगार्टी यांनी तिच्यावर मिळवलेले वर्ल्ड सुपरबाइक या शर्यतमालिकेचे विजेतेपद, एवढ्या भांडवलावर तिची कीर्ती उभी राहिली. १९९८ पर्यंत ती याच नावाने निघत राहिली आणि पुढे तिची जागा ९९६ ने घेतली. त्या काळात तिचे उपप्रकारही निघाले. शर्यतीच्या पात्रतेसाठी मोजक्या संख्येत निघालेली एसपी किंवा राखाडी अंग आणि लाल चाकांची सेन्ना यांना जो भाव येतो, तो साध्या ९१६ ला येत नाही. तेव्हा आपल्या दाराशी नेमकी कोणती गाडी उभी आहे, हे चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदांशी ताडून विकणाऱ्याने आधी स्वतः पाहावे. अंगावरच्या स्टिकरवर विसंबू नये. स्टिकर कोणालाही लावता येतात.

आता इंजिनाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. या इंजिनात व्हॉल्व्ह मिटवण्याचे काम स्प्रिंगवर सोडलेले नाही. व्हॉल्व्ह उघडणारा एक रॉकर, म्हणजे छोटी तरफ, आणि तोच व्हॉल्व्ह मिटवणारा दुसरा रॉकर, अशी ती डेस्मोड्रोमिक रचना आहे. दोन सिलिंडरचे मिळून आठ व्हॉल्व्ह, आणि प्रत्येकाला उघडण्याच्या व मिटण्याच्या रॉकरशी राखायची अशी दोन बारीक अंतरे. म्हणजे एका सर्व्हिसला सोळा मापे घ्यावी लागतात. मन लावून काम करणारा मेकॅनिक ही सोळाही मापे कागदावर उतरवून ठेवतो. असा एक कागद विकणाऱ्याच्या फायलीत असला, तर ‘वेळच्या वेळी सर्व्हिस केली’ या तोंडी ग्वाहीची गरजच उरत नाही. शिवाय मापे घेण्यासाठी झाकणे उघडलेलीच असतात, तेव्हा रॉकरवरचा क्रोमचा थर निघू लागला आहे काय, हेही पाहून घेता येते. या कुळातल्या इंजिनांचे ते जुने दुखणे आहे, आणि ९१६ घ्यायला येणारा माणूस त्याविषयी विचारणारच.

याच इंजिनाचे कॅमशाफ्ट, म्हणजे रॉकर हलवणारे दांडे, रबरी टायमिंग बेल्टवर फिरतात. हे बेल्ट किलोमीटर मोजतात तसे दिवसही मोजतात. गाडी जागची हलली नसली तरी दोन वर्षांनी ते बदलावेत, असा रिवाज आहे. उभ्या गाडीत ते पुलीच्या वळणावर एकाच ठिकाणी मुडपून राहतात आणि रबर म्हातारे होते. चालत्या इंजिनात बेल्ट तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि मग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. कमी चाललेल्या गाडीविषयी जाणकाराला शंका का येते, ते यावरून ध्यानात यावे. दहा वर्षे झाकून ठेवलेल्या गाडीत बेल्ट, ब्रेकच्या नळ्या, ऑइल सील, टायर, टाकीच्या तळाचे पेट्रोल, सारेच दहा वर्षांनी जुने झालेले असते. टायरच्या कडेवर तर त्याची जन्मतारीखच छापलेली असते. २००० सालापासून तिथे चार अंकी खूण येते. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. खाचा कोऱ्या करकरीत, पण खुणेचे शेवटचे दोन अंक ‘०९’ असतील, तर तो टायर नुसता शोभेचा आहे. विक्रीआधी बेल्ट बदलून घ्यावेत, बिलावर तारीख आणि किलोमीटर दोन्ही लिहून घ्यावेत आणि ते बिल फायलीत सर्वांत वर लावावे. या खर्चाइतका वसूल होणारा दुसरा खर्च मला ठाऊक नाही.

रंगाच्या बाबतीत माझे मत अनेक विक्रेत्यांना रुचत नाही. पुढच्या फेअरिंगवर, म्हणजे गाडीच्या बाहेरच्या आवरणावर, खडे उडून पडलेले बारीक टवके असलेला कारखान्याचा मूळ रंग, हा नव्याने मारलेल्या चकचकीत रंगापेक्षा संग्राहकाला अधिक मोलाचा वाटतो, कारण नवा रंग पाहिला की त्याखाली काय दडवले आहे, हा प्रश्न उभा राहतो. त्यातून ९१६ च्या डाव्या अंगावर ओरखडा असणे फारसे नवलाचे नाही. तिचा साइड स्टँड भार कमी होताच स्प्रिंगने आपोआप मिटतो आणि त्या गुणापायी कित्येक गाड्या उभ्या जागी कलंडल्या आहेत. (हा स्टँड ज्याने योजला त्याला ती गाडी कधी घाईत उभी करावी लागली नसावी.) असा ओरखडा असेल तर त्याचे जवळून घेतलेले छायाचित्र स्वतःहून द्यावे आणि तो कसा पडला ते एका वाक्यात सांगावे. कसलेला ग्राहक तसाही रंगापाशी थांबत नाही. तो वाकून हँडल जिथे अडते ते चौकटीवरचे थांबे पाहतो. ते चेपलेले असले, तर गाडीला कधीतरी जोराचा अपघात झाला असल्याचा संशय बळावतो. लिव्हरची टोके, हँडलची टोके आणि फूटपेगच्या कडाही तो बोटाने चाचपतो. तेव्हा विकणाऱ्याने या जागांची छायाचित्रे आधीच दाखवलेली बरी.

बदललेल्या भागांविषयी थोडक्यात सांगतो. त्या काळच्या अनेक मालकांनी तेर्मिन्योनी या सायलेन्सर बनवणाऱ्या कंपनीचे कार्बन सायलेन्सर बसवले आणि ते आजही खपून जातात. पण मूळ सायलेन्सर, मूळ आरसे, मूळ नंबरप्लेटची चौकट, टूलकिट आणि दुसरी चावी एका खोक्यात सोबत असली पाहिजे. बदलांवर झालेला खर्च मात्र किमतीत धरू नये. तो हौसेचा खर्च होता आणि ती हौस आपण भागवून घेतलेली आहे.

ग्राहक येणार त्या दिवशी इंजिन आधी गरम करून ठेवण्याचा मोह टाळावा. गार इंजिनाला हात लावून पाहण्याचा आणि ते गार असतानाच सुरू होताना ऐकण्याचा ग्राहकाला हक्क आहे. गरम इंजिन भेटले तर तो मनात एक प्रश्न घेऊन परत जातो. तो इटालियन गाड्यांना नवखा असेल, तर ड्राय क्लचचा, म्हणजे तेलात न बुडालेल्या क्लचचा, खडखडाट ऐकून दचकेल. त्याला क्लच दाबून व सोडून आवाजातला फरक ऐकवावा, आणि प्लेटा शेवटच्या कधी बदलल्या त्याचे बिल पुढे ठेवावे.

किंमत ठरवताना इतरांनी मागितलेले आकडे पाहून भुलू नये. सौदे प्रत्यक्षात कितीला मिटले ते पाहावे. लिलावांचे जाहीर निकाल इथे उपयोगी पडतात, मात्र त्यातली गाडी त्याच वर्षाची, त्याच उपप्रकाराची आणि तशाच कागदपत्रांची आहे ना, हे तपासावे. एकदा आकडा ठरला, की त्यातला कोणता भाग पुढच्या खर्चापोटी सोडायचा तेही ठरवून ठेवावे. टायर जुने असतील तर त्यांची किंमत आपणच आधी वजा करून सांगितलेली चांगली, म्हणजे घासाघीस त्या एका मुद्द्यापुरती मिटते आणि बाकीच्या गाडीवर येत नाही. टेस्ट राइड द्यायची झाल्यास परवाना आणि विमा पाहून, पूर्ण रकमेची हमी हातात घेऊनच द्यावी. यात संकोच करू नये, कारण खरा ग्राहक त्याची अपेक्षा धरूनच आलेला असतो. पैसे खात्यात जमा झाल्याची खात्री झाल्यावरच मालकीबदलाच्या कागदांवर सही करावी, आणि गाडीसोबत फाइल, चाव्या व ते खोके देताना बेल्ट पुन्हा कोणत्या महिन्यात बदलायचे ते फाइलीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावे.